अंगण ते लॉन: अमेरिकेच्या दक्षिणेतल्या हरळीची गोष्ट

गणपतीत मंडईत जुडी बांधून विकायला येते ती दुर्वा. शेतात कपाळाला आठ्या पाडते ती हरळी. आणि अमेरिकेतल्या दुकानात पोत्यावर हिरव्यागार फोटोसकट विकलं जातं ते 'बर्म्युडा ग्रास'. या तीन वेगळ्या वनस्पती नाहीत. सायनोडॉन डॅक्टिलॉन या एकाच गवताची ही तीन नावं आहेत. नावात बर्म्युडा असलं तरी ते मूळचं तिथलं नाही. आफ्रिका आणि आशियाच्या उष्ण भागातलं हे गवत अठराव्या शतकाच्या मध्यावर जहाजांतून अमेरिकेच्या दक्षिण किनाऱ्यावर उतरलं आणि मग तिथून हललंच नाही.

मी अटलांटाच्या उत्तरेला एका उपनगरात राहतो आणि पोटासाठी कोड लिहितो. आमचं घर भाड्याचं आहे, पुढे-मागे हरळीचं लॉन आहे. जॉर्जियात पुण्यासारखा चार महिन्यांचा पावसाळा नसतो. वर्षाला साधारण ५० इंच पाऊस पडतो, तो बाराही महिन्यांत विखरून. जूनमध्ये दमट उकाडा आणि संध्याकाळच्या सरी जमून आल्या की हरळी रात्रीतून वाढल्यासारखी वाटते. गेल्या वर्षी सलग दोन आठवडे रोज पाऊस झाला, कापणारी माणसं येऊ शकली नाहीत, आणि आमच्या दारावर वसाहतीच्या घरमालक संघटनेची नोटीस लागली. गवताची उंची मर्यादेबाहेर गेली आहे, चौदा दिवसांत कापा, नाहीतर दंड.

माझं आजोळ खटाव तालुक्यातलं. आजीने आयुष्यभर शेतातली हरळी खणून काढली. नांगरटीनंतर तिच्या काशा वेचायच्या, बांधावर वाळत टाकायच्या आणि मग जाळायच्या, कारण एक पेर जमिनीत राहिलं तरी पुन्हा सगळं रान धरतं. आणि तिच्या नातवाला तीच हरळी नीट राखली नाही म्हणून कायदेशीर भाषेतलं पत्र! तण असलेलं गवत नियम कधी झालं, कोणी केलं आणि त्याआधी इथल्या घरांपुढे काय होतं, हे मी त्यानंतर वाचत गेलो.

खराट्याचं अंगण

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत जॉर्जिया, अलाबामा, मिसिसिपी, कॅरोलिना या राज्यांतल्या खेड्यांत घरापुढे गवत नसायचं. असायचं ते झाडून लखलखीत केलेलं मातीचं अंगण. इंग्रजीत त्याला 'स्वेप्ट यार्ड' म्हणतात. गवताची एक काडीही दिसली तरी ती उपटायची. डॉगवुडसारख्या झाडांच्या बारीक फांद्यांची मोळी बांधून खराटा करायचा आणि आठवड्यातून किमान एकदा, बहुतेक शनिवारी, सगळं अंगण झाडून काढायचं. वर्षानुवर्षं पाय पडून आणि खराटा फिरून तिथली लाल चिकणमाती फरशीसारखी टणक व्हायची. आपल्याकडे शेणाने सारवतात तसं सारवण तिथे नव्हतं, पण खराट्याच्या फटकाऱ्यांनी मातीवर उमटणाऱ्या कमानी आणि रेघा मात्र बायका मुद्दाम राखायच्या. पाहुणा आला की त्याच्या पावलांचे ठसे त्या नक्षीवर उठायचे.

हे काही नुसतं सौंदर्य नव्हतं. दमट, गरम प्रदेशात घराला चिकटून उंच गवत म्हणजे गोचीड, डास, उंदीर आणि त्यांच्या मागोमाग येणारे साप. कॉपरहेड नावाचा विषारी साप पालापाचोळ्यात दिसत नाही, झाडलेल्या मातीवर तो लांबून ओळखू येतो. घरं लाकडाची, स्वयंपाक चुलीवर. शेतात वणवा लागला तर उघड्या मातीशी येऊन आग थांबायची. शिवाय उन्हाळ्यात पत्र्याच्या किंवा फळ्यांच्या घरात बसणं अशक्य, त्यामुळे निम्मा संसार बाहेरच असायचा. मोठ्या लोखंडी काहिलीत कपडे उकळणं, साबण करणं, शेंगा सोलणं, कोंबड्यांना दाणे टाकणं, मुलांना न्हाऊ घालणं, संध्याकाळी शेजाऱ्यांशी गप्पा. अंगण ही घराची सगळ्यात मोठी खोली होती.

ही पद्धत कुठून आली? पश्चिम आफ्रिकेत घरांच्या मधली मोकळी जागा अशीच झाडून ठेवतात, आणि गुलाम म्हणून आणलेल्या लोकांबरोबर ती इथे आली असं बरेच अभ्यासक मानतात. पुढे ती गोऱ्या शेतकऱ्यांनीही उचलली. जॉर्जिया विद्यापीठात शिकवणाऱ्या रिचर्ड वेस्टमॅकॉट यांनी ग्रामीण दक्षिणेतल्या कृष्णवर्णीय कुटुंबांच्या बागा आणि अंगणं फिरून पाहिली, मोजली, त्यांचे नकाशे काढले. १९९२ साली त्यांचं पुस्तक आलं तोवर हे अंगण म्हाताऱ्या माणसांपाशीच उरलं होतं.

साहित्यात मात्र ते जागोजागी सापडतं. तुमच्यापैकी अनेकांनी 'टू किल अ मॉकिंगबर्ड' वाचलं असेल. त्यात रॅडलींच्या भीतीदायक घराचं वर्णन करताना त्यांच्या न झाडलेल्या, तण माजलेल्या अंगणाचा उल्लेख येतो. त्या गावच्या वाचकाला तेवढ्यावरून कळायचं की या घरात काहीतरी बिनसलंय. अ‍ॅलिस वॉकर यांच्या 'एव्हरीडे यूज' या १९७३च्या कथेत आई आणि धाकटी मुलगी शहरातून येणाऱ्या थोरल्या मुलीची वाट बघत बसतात, त्या झाडून ठेवलेल्या अंगणातच. आपल्या कथांमध्ये तुळशीवृंदावन आणि सडा जे काम करतात, तेच तिथे हे अंगण करतं.

मालकाचं गवत, गुलामाची सावली

त्याच काळात, त्याच जमिनीवर गवतही होतं. पण ते मळेमालकाच्या बंगल्यापुढे. साउथ कॅरोलिनात चार्ल्स्टनजवळ अ‍ॅशली नदीच्या काठी मिडलटन प्लेस नावाची बाग आहे. १७४१ साली तिचं काम सुरू झालं. नदीकडे पायऱ्यापायऱ्यांनी उतरत जाणारे गवताचे गच्च सोपान हे तिचं वैशिष्ट्य. हे सोपान गुलामांनी खोदले, आणि त्या श्रीमंतीमागे गुलामांनी पिकवलेला भात होता. गवत कापायचं यंत्र तेव्हा नव्हतं. विळे चालवणारे हात किंवा चरणारी मेंढरं, दोनच उपाय. म्हणजे जमीन असून तिच्यात खाण्यासारखं काही न पिकवणं आणि वर ती राखायला माणसं ठेवणं, हीच श्रीमंतीची खूण होती. इंग्लंडातल्या जमीनदारांकडून ही खूण आली होती.

या बागांमध्ये आपल्या ओळखीची झाडंही येऊन पोचली. फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ आंद्रे मिशो १७८६च्या सुमारास चार्ल्स्टनला आला आणि त्याने तिथे रोपवाटिका काढली. क्रेप मर्टल हे झाड दक्षिणेत आणण्याचं श्रेय त्याला दिलं जातं. आज अटलांटाच्या प्रत्येक पार्किंगमध्ये उन्हाळ्यात गुलाबी-जांभळं फुललेलं हे झाड दिसतं. लॅगरस्ट्रोमिया हे त्याचं कुळ, आणि महाराष्ट्राचं राज्यपुष्प असलेला तामण त्याच कुळातला. पहिल्यांदा बघितलं तेव्हा फुलांच्या चुरगळलेल्या पाकळ्या बघून मला कोकणातला मे महिना आठवला होता. इथे हिवाळ्यात त्याच्या फांद्या इतक्या निर्दयपणे छाटतात की बागकाम शिकवणारे लोक या छाटणीला सरळ 'खून' म्हणतात.

दुसरं झाड बकाण निंबाचं. त्याला तिथे चायनाबेरी म्हणतात, आणि तेही आशियातून आणण्याशी मिशोचंच नाव जोडलेलं आहे. लवकर वाढणारं, दाट सावलीचं. मालकाच्या बागेतलं हे झाड बघता बघता गरिबांच्या अंगणात गेलं. झाडलेलं अंगण, मध्ये बकाण निंब, त्याखाली बाकडं हे चित्र दक्षिणेत इतकं रुळलं की ते झाड परदेशी आहे हे लोक विसरून गेले.

शत्रूशी तह

मालकांच्या गवताची मोठी अडचण होती ती हवा. इंग्लंडातली थंड हवेतली गवतं या उन्हाळ्यात करपून जातात. टिकेल असं गवत एकच होतं, आणि त्याचं नाव काढलं की कापूस शेतकरी शिवी द्यायचा. हरळीला इथे 'डेव्हिल ग्रास' असंही नाव होतं. सैतानाचं गवत. कपाशीच्या ओळींमध्ये ती शिरली की कुदळी घेऊन दिवसचे दिवस खपावं लागायचं. खपणारे आधी गुलाम होते, नंतर वाट्याने शेती करणारी कुटुंबं, बरीचशी त्याच गुलामांची मुलंनातवंडं.

कापसाने जमिनीचं काय केलं हे आजही दिसतं. ओळींच्या मधली माती उघडी, उतार, वर धो धो पाऊस. भूगोलतज्ज्ञ स्टॅन्ली ट्रिंबल यांनी १९७४ साली हिशेब मांडला की दक्षिणेच्या पिडमाँट पट्ट्यातली सरासरी सात इंच वरची माती वाहून गेली. जॉर्जियाची प्रसिद्ध 'लाल माती' म्हणजे खरं तर वरचं कातडं सोललेली जमीन. १९१५ साली बोंडावरचा सोंडकिडा जॉर्जियात आला आणि कापसाची सद्दी ओसरू लागली. पडीक उतार धरून ठेवायला सरकारने १९३०-४०च्या दशकांत शेतकऱ्यांना एकरी पैसे देऊन कुडझू नावाचा जपानी वेल लावायला सांगितलं. त्या वेलाने पुढे झाडं, खांब, रिकामी घरं सगळं गिळलं. १९५३ साली शिफारशींच्या यादीतून त्याचं नाव काढावं लागलं.

हरळीचं नशीब मात्र उलट फिरलं. १९३६ साली ग्लेन बर्टन नावाचा तरुण पैदासशास्त्रज्ञ जॉर्जियातल्या टिफ्टन गावच्या संशोधन केंद्रात आला. ज्या गवताला सगळे मारायला टपलेत, त्याच्या चिवटपणाचाच उपयोग करता येईल का, असा त्याचा प्रश्न होता. टिफ्टनजवळच्या कपाशीच्या रानात सापडलेल्या एका हरळीचा त्याने दक्षिण आफ्रिकेतून आलेल्या हरळीशी संकर केला. त्यातून १९४३ साली 'कोस्टल बर्म्युडा' हा वाण आला. गुरांना भरपूर चारा देणारा आणि फारसं बी न धरणारा, त्यामुळे शेजारच्या रानात न पसरणारा. दक्षिणेत लाखो एकरांवर तो लागला.

मग बर्टन लॉनकडे वळला. आपल्या हरळीचा आफ्रिकेतल्या एका नाजूक, बारीक पानाच्या भावंडाशी संकर झाला आणि १९६० साली 'टिफवे' बाजारात आला. दाट, गडद हिरवा, तुडवला तरी उठणारा आणि पूर्ण वांझ. त्याला बी येतच नाही. त्यामुळे तो लावायचा तर शेतातून गालिचासारखा सोलून, गुंडाळून, ट्रकमधून आणून पसरायचा. माझ्या दारापुढचं गवत टिफवे असेल तर ते त्याच एका रोपाचं तुकड्या-तुकड्यांनी चालत आलेलं शरीर आहे. आम्ही सॉफ्टवेअरवाले ज्याला कॉपी-पेस्ट म्हणतो, ते इथे ट्रकने होतं. आणि ते ज्या लाल मातीवर अंथरलं जातं, ती कापसाने सोललेली जमीन असते.

टिफ्टनची बाजरी

बर्टनबद्दल वाचताना मी एका ओळीशी थबकलो. या माणसाने बाजरीवरही काम केलं होतं.

अमेरिकेत बाजरी म्हणजे मुख्यतः गुरांचा चारा. बाजरीचा संकर मोठ्या प्रमाणावर करायचा तर जिचे परागकण निकामी आहेत अशी मादी ओळ लागते. बर्टनने ती टिफ्टनला तयार केली. तिचं नाव टिफ्ट २३ए. ती भारतात आली, लुधियानाला दिलबाग सिंग अठवाल यांनी तिचा देशी ओळीशी संकर केला आणि १९६५ साली एचबी-१ हा भारताचा पहिला संकरित बाजरीचा वाण प्रसारित झाला. १९७०-७१ साली देशाचं बाजरीचं उत्पादन ८० लाख टनांपर्यंत गेलं.

पण एकापाठोपाठ आलेल्या या पहिल्या वाणांची आई एकच होती, टिफ्ट २३ए. तिला केवडा रोग सोसत नव्हता. याच रोगाला शेतकरी गोसावी म्हणतात, कारण कणसात दाण्याऐवजी पानांच्या जटा फुटतात. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला हा रोग शेतंच्या शेतं घेऊन गेला. मी आजीला फोनवर विचारलं, तर तिला वाणाचं नाव आठवत नव्हतं. ती एवढंच म्हणाली, "एका साली बाजरीला दाणं कमी आन् जटा जास्त. तुझ्या आज्यानं उभं रान गुरांना घातलं."

लॉनचंही तेच झालं. फ्लोरिडा आणि टेक्सासच्या विद्यापीठांनी मिळून १९७३ साली 'फ्लोराटॅम' हा सेंट ऑगस्टीन गवताचा वाण काढला, चिंच बग या रस शोषणाऱ्या किड्याला दाद न देणारा. किनारपट्टीवर घरोघर तेच एक गवत झालं. दहा-बारा वर्षांत त्याला खाणारे चिंच बग तयार झाले. फरक इतकाच की तिथे लोकांनी औषध फवारलं, माझ्या आजोबांनी पीक मोडलं. एकाच प्रयोगशाळेतून निघालेल्या दोन वाटा. एक बंगल्यापुढच्या शोभेकडे गेली आणि दुसरी आमच्या ताटाकडे आली.

कागदावर उगवलेलं लॉन

चांगलं गवत मिळालं म्हणून लोकांनी खराटा टाकला, असं म्हणता येत नाही. त्यामागे यंत्र होतं, पैसा होता आणि कागद होता.

यंत्र जुनं. १८३० साली इंग्लंडमधल्या स्ट्राउड इथे एडविन बडिंगने गवत कापायच्या यंत्राचं पेटंट घेतलं. लोकरी कापडावरची लव कातरायच्या गिरणीतल्या यंत्रावरून त्याला ती कल्पना सुचली होती. १८७० साली फ्रँक स्कॉट या अमेरिकन लेखकाने उपनगरी घरांच्या बागांवर पुस्तक लिहिलं. कापलेलं सपाट गवत हाच घराच्या सौंदर्याचा पाया, आणि कुंपण घालून आपली बाग शेजाऱ्यांपासून लपवणं असभ्य, असं त्याचं म्हणणं. सगळ्यांची लॉनं सलग जोडून बागेसारखा एकच हिरवा पट्टा दिसावा. आज इथल्या उपनगरांत पुढच्या बाजूला कुंपण का नसतं, याचं उत्तर तिथे आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर पेट्रोलवर चालणारी यंत्रं स्वस्त झाली. २,४-डी हे तणनाशक दुकानात आलं. ते रुंद पानाच्या वनस्पती मारतं आणि गवताला सोडतं. त्याआधी लॉनच्या बियाण्यात पांढरं क्लोव्हर मुद्दाम मिसळत, कारण ते जमिनीला नत्र देतं. औषधाने तेही मरू लागलं, तेव्हा क्लोव्हरलाच तण ठरवलं गेलं. हे वाचून मला आमच्या धंद्यातली जुनी सवय आठवली: दुरुस्त करता येत नाही तो दोष नियमात बसवून टाकायचा.

कागद म्हणजे घराच्या खरेदीखतातल्या अटी. विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात नव्या वसाहतींच्या खतांमध्ये दोन प्रकारच्या अटी शेजारी शेजारी लिहिलेल्या असत. घर रस्त्यापासून किती आत असावं, कोंबड्या पाळू नयेत, आवारात काय दिसावं ही एक. आणि हे घर गोऱ्या माणसाखेरीज कोणाला विकू वा भाड्याने देऊ नये ही दुसरी. १९३४ साली स्थापन झालेल्या केंद्रीय गृहकर्ज यंत्रणेने कर्जाची हमी देताना अशा वंशभेदी अटींना उत्तेजनच दिलं. सर्वोच्च न्यायालयाने १९४८ साली त्या अमलात आणायला नकार दिला आणि १९६८च्या कायद्याने घरांच्या बाबतीत वंशभेद बेकायदा ठरवला. दुसऱ्या प्रकारच्या अटी गेल्या. पहिल्या प्रकारच्या राहिल्या, वाढल्या आणि घरमालक संघटनांच्या हाती आल्या.

एअर कंडिशनरने उरलेलं काम केलं. युद्धानंतरच्या दोन-तीन दशकांत दक्षिणेतली माणसं व्हरांड्यातून आणि अंगणातून उठून खिडक्या बंद करून आत बसली. घराबाहेरची जागा राहण्याची होती, ती आता बघण्याची झाली.

कसं दिसायचं हे टीव्हीने दाखवलं. जॉर्जियातल्या ऑगस्टा नॅशनल या गोल्फ क्लबवर १९३४पासून मास्टर्स स्पर्धा होते. क्लबची जागा पूर्वी फ्रूटलँड नर्सरी होती, आधी निळीचा मळा. १९६६ साली स्पर्धा रंगीत दिसू लागली आणि देशाने एप्रिलमधलं ते गवत पाहिलं. खरं तर हरळी हिवाळ्यात तपकिरी पडते. ऑगस्टाला तिच्यावर थंडीत राय गवत पेरतात, म्हणून एप्रिलमध्ये हिरवं दिसतं. पडद्यावर एवढा खुलासा नसतो. खेळाडूंच्या पिशव्या उचलणारे क्लबचे कॅडी १९८२पर्यंत सगळे कृष्णवर्णीय असत. पहिल्या कृष्णवर्णीय खेळाडूला, ली एल्डरला, त्या गवतावर खेळायला १९७५ उजाडावं लागलं. क्लबने पहिला कृष्णवर्णीय सभासद घेतला १९९० साली.

२००५ साली नासातल्या क्रिस्टिना मिलेसी आणि सहकाऱ्यांनी उपग्रहाच्या मदतीने अंदाज काढला: अमेरिकेत लॉन आणि तत्सम हिरवळीखाली सुमारे १ लाख ६३ हजार चौरस किलोमीटर जमीन आहे. अर्ध्या महाराष्ट्राहून थोडी जास्तच. ओलिताखालच्या कुठल्याही एका पिकाच्या तिप्पट. २००७ साली उत्तर जॉर्जियात दुष्काळ पडला, अटलांटाला पाणी देणारा लेनियर तलाव आटला आणि बाहेर पाणी मारण्यावर बंदी आली. नोव्हेंबरमध्ये राज्यपाल सनी पर्ड्यू यांनी विधानभवनाच्या पायऱ्यांवर पावसासाठी प्रार्थना केली. ते वाचून मला हसू आलं नाही. धोंडी धोंडी पाणी दे म्हणत फिरणारी पोरं मी खटावात पाहिली आहेत. फक्त तिथे पाणी प्यायला हवं असायचं.

दोन व्हिसा

आमच्या वसाहतीत गुरुवारी सकाळी ट्रक येतो. चार-पाच माणसं उतरतात, बहुतेक मेक्सिको आणि ग्वाटेमालाची. एक जण कापतो, एक कडा कातरतो, एक पाठीवर ब्लोअर लावून पाला उडवतो. मी खिडकीशी मीटिंगमध्ये असतो आणि माइक बंद करतो.

अमेरिकेत हंगामी, बिगरशेती कामासाठी येणाऱ्यांना एच-२बी व्हिसा मिळतो. दरवर्षी ६६ हजार ही त्याची मूळ मर्यादा, आणि या व्हिसावर सर्वांत जास्त माणसं येतात ती बागकामाला. माझा व्हिसा एच-१बी. त्याची मर्यादा ६५ हजार, आणि इथल्या पदव्युत्तर पदवीधरांसाठी आणखी २० हजार. दोन्हींची गाठ मालकाशी बांधलेली. पण मला इथे कायम राहण्यासाठी अर्ज करता येतो, आणि एच-२बीवाल्याला परत जाणार असल्याची खात्री पटवून द्यावी लागते. या कामावरचे सगळेच व्हिसावर आलेले नसतात, हेही इथे प्रत्येकाला माहीत आहे आणि कोणी बोलत नाही.

मिडलटनच्या विळ्यांपासून गुरुवारच्या ट्रकपर्यंत एक गोष्ट बदललेली नाही. ज्याच्या घरापुढे गवत आहे, तो ते क्वचितच कापतो. माझ्या बाबतीत नवीन इतकंच की मी खिडकीच्या आतल्या बाजूला आहे, आणि आजीच्या हिशेबाने मी बाहेरच्यांचा नातलग आहे.

उघडी माती

अटलांटा हिस्टरी सेंटरमध्ये एक जुनं शेतकऱ्याचं घर आणून उभं केलंय, १८४०च्या दशकातलं. हे गोऱ्या कुटुंबाचं शेत होतं आणि तिथे गुलाम राबत. घराभोवती गवत नाही, झाडलेलं अंगण आहे. मी आणि बायको तिथे गेलो तेव्हा एका शाळेची सहल आली होती. एका मुलीने विचारलं, इथलं गवत मेलं का? मार्गदर्शक बाईंनी तिला सांगितलं की हे मुद्दाम असं ठेवलंय. मुलीच्या चेहऱ्यावरून तिला ते पटलेलं दिसलं नाही.

मला त्या अंगणाचे गोडवे गायचे नाहीत. ते झाडायचं काम बायकांचं होतं, मालकाच्या घरी राबून आल्यावरचं. १९१० ते १९७०च्या दरम्यान सुमारे ६० लाख कृष्णवर्णीय माणसं दक्षिण सोडून उत्तरेच्या आणि पश्चिमेच्या शहरांत गेली. जे राहिले आणि पुढे उपनगरांत स्वतःची घरं घेऊ शकले, त्यांनीही आनंदाने गवत लावलं. ज्या हिरवळीवर पाऊल ठेवायची बंदी होती ती आपल्या दारात असणं, याला अर्थ होता. माझ्या आईनेही शेणाने सारवणं सोडून कोब्यावर पाणी मारायला सुरुवात केली तेव्हा तिला वाईट वाटलं नव्हतं.

पण एक पद्धत मागे पडणं वेगळं आणि तिच्यावर बंदी येणं वेगळं. आम्ही सध्या घर बघतोय. एका वसाहतीच्या अटींची साठ पानं मी रात्री बसून वाचली. त्यात गवताची उंची आहे, मान्यताप्राप्त गवतांची यादी आहे, आणि यादीत पहिलं नाव हरळीचं आहे. पुढे एक कलम आहे: घराच्या दर्शनी बाजूला उघडी माती दिसता कामा नये. लिहिणाऱ्याच्या मनात बहुधा काहीच नसेल, धूळ आणि चिखल सोडून. पण ज्या प्रदेशात दोनशे वर्षं माणसांनी घरापुढची माती उघडी आणि स्वच्छ ठेवण्यात अब्रू मानली, तिथे आज तशी माती ठेवली तर दंड होतो, एवढं त्या एका ओळीत लिहिलेलं आहे.

घर आम्हाला आवडलंय, त्यामुळे सही बहुतेक होईल. मागच्या बाजूबद्दल साठ पानांत काही म्हटलेलं नाही, ते मी दोनदा तपासलं. स्वयंपाकघराच्या दारापाशी दहा बाय दहाचा तुकडा गवत काढून मोकळा करायचा, असं बायको म्हणते. हरळी काढायची म्हणजे नुसतं वरून खरवडून चालत नाही. फुटभर खणायचं, काशा वेचायच्या आणि एकही पेर मागे ठेवायचं नाही.